उचलावाच लागणारा फोन

फोन बंद करून ठेवता आला असता, तर सुकन्यानं तो पहिल्याच दिवशी बंद केला असता. पण इंदापूरच्या कोविड सेंटरातून निरोप येणार तो त्याच फोनवर. तिच्या नवऱ्याला, जोतीरामला, तिथं दाखल करून सहा दिवस झाले होते आणि आत कुणाला सोडत नव्हते. त्यानं जाताना स्वतःचा मोबाईल नेला, पण चार्जर घरीच राहिला. तिसऱ्या दिवसापासून त्याचा फोन लागेना. सुकन्यानं चार्जर एका टेंपोवाल्याबरोबर धाडला होता. तो गेटवर पोचला का, पोचला तर आत गेला का, काही कळायला मार्ग नव्हता. वॉर्डातली जी नर्स कामावर असेल ती हाताला येईल त्या फोनवरून नातेवाइकांना कळवायची. त्यामुळं दवाखान्याचा फोन आला तरी नंबर अनोळखीच असायचा.

आणि वसुलीवाल्यांचाही प्रत्येक नंबर अनोळखीच असायचा.

सुकन्या शिंगाडे अंथुर्ण्याची. नवराबायको दोघं बारामती एमआयडीसीत कामाला, जोतीराम एका कंपनीत लोडिंगला, ती दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. सकाळी एकाच मोटरसायकलवर जायचे. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद झालं. ठेकेदारानं सांगितलं, बोलावू तेव्हा या. त्याच आठवड्यात जोतीरामला ताप भरला. बारामतीला छातीचा स्कॅन काढायला नेलं, तेव्हा खिडकीवरच्या माणसानं आधी पैसे मागितले. हातात होते ते तीन हजारांनी कमी पडत होते. ज्याच्याकडं मागावं त्याच्या घरात कुणीतरी आजारी. सुकन्या स्कॅन सेंटरच्या पायरीवर बसली आणि मोबाईलवर पाहिलेल्या एका जाहिरातीवर तिनं बोट ठेवलं. ‘झटपट सोबती’ असं त्या ॲपचं नाव. आधारकार्डाचा फोटो मागितला, तो दिला. तोंडाचा फोटो मागितला, दिला. तुमचे कॉन्टॅक्ट बघू का, फोटो बघू का, असं विचारत गेलं आणि ती ‘हो’ दाबत गेली. पाच मिनिटांत पैसे आले. पाच हजारांचं कर्ज, हातात आले तीन हजार शंभर, बाकीची म्हणे फी. मुदत सात दिवसांची. ते सात दिवस तिनं नीट वाचलेसुद्धा नाहीत. समोर जोतीराम भिंतीला टेकून धापा टाकत होता.

मुदत भरायच्या आदल्या दिवशी एका बाईचा गोड आवाजात फोन आला. सुकन्यानं मंगळसूत्रातले दोन मणी मोडून पाच हजार भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. पैसे उशिरा पोचले, दंड लागला, आता साडेसहा हजार. ती म्हणाली, भरलेत की मी. त्यावर एक पुरुष फोनवर आला. तो हिंदीत बोलायचा. त्यानं काय काय म्हटलं ते सुकन्यानं पुढं कुणालाच, वकीलबाईंनासुद्धा, शब्दांत सांगितलं नाही.

मग दिवसाला चाळीसचाळीस फोन सुरू झाले. व्हॉट्सॲपवर एक कागद आला. वर तराजूचं चित्र, खाली लाल अक्षरात अटक वॉरंट आणि तिचं नाव. दोन तासांत पैसे भरा, नाहीतर गाडी निघाली आहे. तिनं तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. त्या दुपारी रस्त्यानं कुठलीही गाडी गेली की ती सृष्टीला आत ओढून दाराला कडी लावायची. सृष्टी अकरा वर्षांची. तिला वाटायचं, आई पोलिसांना भिते कारण आपण मास्क लावत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा आधारकार्डावरचा फोटो, खाली ‘चोर, फरार’ असं लिहून, लोकांना जायला लागला. आधी भावाला गेला, मग पॅकिंगच्या सुपरवायझरला, मग चुलतसासरे दादासाहेबांना. भावजयीचा फोन आला आणि ती एवढंच म्हणाली की आमच्या नंबरावर असलं काही यायला नको. दादासाहेबांनी मात्र तिला काही विचारलं नाही. ते भले गृहस्थ. त्यांनी त्या नंबरावर स्वतः फोन लावून सांगितलं, पोरीचा नवरा इंदापूरला ऑक्सिजनवर आहे, तिला चार दिवस त्रास देऊ नका. सांगून आपण काहीतरी चांगलं केलं असं त्यांना वाटलं.

सासूला, बानूबाईला, यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला कानानं कमी ऐकू यायचं आणि मुलाच्या काळजीनं ती दिवसभर उंबऱ्यात बसून असायची. सुकन्या फोन घेऊन गोठ्यामागं जायची. उचलावं तर वसुलीवाला असेल. न उचलावं तर नर्स असेल. ती दर वेळी उचलायची. चाळीसातला एखादाच फोन नर्सचा असायचा. ती घाईत सांगायची, पेशंट आहे तसा आहे, ऑक्सिजन चालू आहे. आणि ठेवून द्यायची.

गावची आशा कार्यकर्ती म्हाळसा घरोघर ताप आणि ऑक्सिजन बघत फिरायची. ती शिंगाड्यांच्या दारात आली, बानूबाईचं झालं, सृष्टीचं झालं, आणि सुकन्याच्या बोटाला तिनं ते यंत्र लावलं.

“ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव हाय,” ती म्हणाली. “पण नाडी एकशे बत्तीस? अगं, बसून हायस की तू. काय झालंय?”

सुकन्या काही नाही म्हणणार तोच तिच्या कमरेचा फोन थरथरला. म्हाळसानं तिचं तोंड पाहिलं आणि फोन काढून घेऊन स्वतः कानाला लावला. अर्धा मिनिट तिनं ऐकलं. मग कापला, आणि तिला धरून गोठ्यामागं घेऊन गेली. तिथं सुकन्यानं पहिल्यांदा सगळं सांगितलं. रडायला आलं नाही. दात वाजत होते, एप्रिलच्या उन्हात.

म्हाळसाच्या मोबाईलवर आशाताईंच्या ग्रुपमध्ये एक निरोप फिरत होता. कोर्टं बंद असल्यानं बारामतीचे काही वकील फोनवरून फुकट सल्ला देत होते. खाली पाच नंबर होते. सुकन्या नको नको म्हणाली. वकील म्हटला की कोर्ट आलं, कोर्ट आलं की गाव आलं. म्हाळसानं तिचं ऐकलं नाही. तीन नंबर लागले नाहीत. चौथा एका बाईनं उचलला.

त्या ॲडव्होकेट अनिता कोकरे. आवाज बसलेला, मधूनमधून खोकला. त्यांनी सुकन्याला सुरुवातीपासून सांगायला लावलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, किती मिळाले, किती भरले, भरल्याचा पुरावा आहे का. तो होता. मग त्या कागदाचा फोटो मागवला. त्यांनी तो दोन मिनिटं वाचला. ती दोन मिनिटं सुकन्याला फार जड गेली.

“सुकन्याताई, नीट ऐका,” अनिताताई म्हणाल्या. “हा कागद खोटा आहे. यावर कुठल्या कोर्टाचं नाव नाही, केसचा नंबर नाही, सही नाही. कोर्ट असं दोन तासांत पैसे भरा म्हणून व्हॉट्सॲप करत नाही. आणि उधारी थकली म्हणून कुणी उचलून तुरुंगात टाकत नाही. तुम्ही घेतलं त्याहून जास्त भरलंय. तरी काही देणं निघत असेल तर ते रीतसर मागावं लागतं, शिव्या देऊन नाही. कळलं का?”

“व्हय.”

“काय कळलं ते मला सांगा.”

सुकन्यानं सांगितलं. “पण मॅडम, ती गाडी...”

“कुठली गाडी नाही येत. आलीच तर दार उघडू नका आणि मला फोन लावा. मी घरीच आहे. कुठं जायची नाही.”

मग त्यांनी तिला कामाला लावलं. आलेल्या प्रत्येक निरोपाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, एकही पुसायचा नाही. तो कसा घ्यायचा हे सृष्टीनं आईला दाखवलं. ऑनलाइन शाळेमुळं तिला सगळं येत होतं. आईचा ‘चोर’ लिहिलेला फोटो तिनं त्याच वेळी पाहिला. तिनं बोटानं पडदा पटकन पुढं सरकवला.

अनिताताईंनी फोन बंद ठेवायचाही उपाय सांगितला. दवाखान्याच्या रजिस्टरात म्हाळसाचा नंबर लिहून घ्यायला सांगायचं, म्हणजे निरोप तिच्याकडं येईल. पण सेंटरचा फोन दिवसभर लागलाच नाही. तो लागेपर्यंत सुकन्याचा फोन चालू ठेवणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक फोन आला. सुकन्या भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच उचलला. या वेळी हिंदी नव्हती. स्वच्छ मराठीत, दमल्या आवाजात एक माणूस म्हणाला, “इंदापूरहून बोलतोय. सृष्टीचे पप्पा तुमचे कोण?”

ती म्हणाली, मालक.

“ते ऑफ झाले. सकाळी नऊ वाजता. बॉडी न्यायची असेल तर आधी बिल क्लिअर करावं लागेल. लिंक पाठवतोय, तासाभरात करा, नाहीतर आम्ही इकडंच सगळं करून टाकू.”

फोन ठेवला गेला. तव्यावरची भाकरी करपली. उंबऱ्यातून बानूबाईनं हाक मारली, काय जळतंय गं. सुकन्या चुलीपुढं तशीच बसून होती. पुढं कधीतरी ती म्हाळसाला म्हणाली की त्या वेळी मला काही वाटलंच नाही, फक्त आत्या उठून आत येऊ नयेत एवढं वाटत होतं. मोबाईलवर लिंक आली. अकरा हजार. तिला पहिलं सुचलं ते गळ्यातलं उरलेलं डोरलं. ते काढायला तिनं मानेमागं हात नेला, आणि गाठ सुटेना म्हणून तिनं अनिताताईंना फोन लावला. मदत मागायला नव्हे. त्या माणसानं बिल सांगितलंय, ते भरावं लागतं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

अनिताताईंना बराच वेळ काही उमजेना. मग त्या म्हणाल्या, “थांबा. तो काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगा. नाव काय घेतलं त्यानं?”

“म्हणला, सृष्टीचे पप्पा ऑफ झाले.”

“जोतीराम शिंगाडे म्हणाला नाही?”

“न्हाय. सृष्टीचे पप्पा म्हणला.”

“दवाखान्याच्या कागदावर काय नाव आहे?”

“तुमी आता घेतलं तेच.”

“मग सृष्टीचे पप्पा हे नाव कुठं लिहिलंय, सुकन्याताई?”

सुकन्याला लगेच कळलं नाही. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत नसे, मोबाईलमध्येही नाही. तिथं त्याचा नंबर ‘सृष्टीचे पप्पा’ म्हणून होता. आणि मोबाईलमधली सगळी नावं तिनं पायरीवर बसून ‘हो’ दाबत ज्यांना दिली होती, त्यांच्याकडंच हे नाव होतं. वॉर्डात त्याला या नावानं ओळखणारं कुणी नव्हतं.

“लिंकला हात लावू नका,” अनिताताई म्हणाल्या. “मला वाटतं हा त्यांच्यातलाच आहे. पण मी वाटतं म्हणतेय. मी खात्री करून घेते. तोवर घरात कुणाला काही सांगू नका.”

ती वाट पाहणं दीड तास चाललं. खात्री नव्हती, आणि खात्री नसल्यानं भीती दुप्पट झाली. सगळं संपलं असं वाटत होतं तेव्हा ती नुसती बधिर होती. आता तो जिवंत असू शकतो म्हटल्यावर तिला एका जागी बसवेना. कदाचित दाखल करताना आपल्याच तोंडून ते नाव गेलं असेल. कदाचित जोतीरामनंच सांगितलं असेल, सृष्टीच्या आईला कळवा म्हणून. असले विचार येत राहिले. तिनं दुसरी भाकरी थापली, कारण बानूबाई जेवायला थांबली होती. सासूच्या ताटात वाढताना तिच्या हातून आमटी सांडली. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, निरोप आलाय का काही. सुकन्या म्हणाली, न्हाय आत्या, जेवा तुमी.

त्या दीड तासात फोन सात वेळा वाजला. तिनं सातही उचलले. सातही त्यांचेच होते.

आठवा अनिताताईंचा. त्यांच्याबरोबर वकिलीला असलेला एक मुलगा इंदापूरचा होता. त्याच्या ओळखीनं वॉर्डातल्या ब्रदरपर्यंत त्या पोचल्या होत्या. त्यांनी आधी महत्त्वाचं सांगितलं, मग बाकीचं बोलल्या. “जिवंत आहेत. सकाळी उपमा खाल्लाय. ऑक्सिजन कालपेक्षा कमी लागतोय. मी स्वतः ब्रदरशी बोलले, बेड नंबर सव्वीस, जोतीराम शिंगाडे. रजिस्टरात म्हाळसाताईंचा नंबर लिहून घेतलाय. आता तुम्ही फोन बंद केला तरी चालेल.”

सुकन्यानं फोन जमिनीवर ठेवला आणि चुलीशेजारची करपलेली भाकरी उचलून गोठ्यात नेऊन टाकली.

फोन मात्र तिनं लगेच बंद केला नाही. अनिताताईंचं अजून एक काम राहिलं होतं, आणि तिला तेच सगळ्यात अवघड वाटलं. त्या म्हणाल्या, यांच्या हातात एकच दोरी आहे, तुमची लाज. ती आपणच सोडून टाकू. तुमच्या मोबाईलमधल्या सगळ्यांना तुमच्या नावानं निरोप पाठवा. मी मजकूर सांगते. मी एका ॲपवरून कर्ज घेतलं, फेडलं, तरी हे लोक धमक्या देतात, माझे फोटो पाठवतात. त्यांना काही बोलू नका, पैसे देऊ नका. मी पोलिसांत तक्रार देत आहे.

एकशे चौदा नावं होती. त्यात सुपरवायझर होता, भावजय होती, सृष्टीच्या बाई होत्या, जोतीरामचे मित्र होते. कर्ज काढलं हे एकदा लिहिलं की परत घेता येणार नव्हतं. सुकन्या गोठ्याच्या भिंतीला टेकून तो मजकूर कितीदा तरी वाचत बसली. शेवटी उठली, उंबऱ्यात गेली, आणि आधी बानूबाईच्या कानाशी तोंड नेऊन तिला सगळं सांगितलं. फक्त अकरा वाजताचा फोन सांगितला नाही. तो तिनं सासूला आजवर सांगितलेला नाही.

बानूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मागायचंस की माझ्याकडं. पाटल्या हायत्या माझ्या.”

“तुमी रडत होता आत्या.”

म्हातारीनं मान हलवली. सुकन्यानं तिच्या शेजारीच बसून निरोप पाठवला.

तक्रार अनिताताईंनी लिहिली, सायबर पोलिसांना ईमेल केली, आणि फोनवर सुकन्याला पूर्ण वाचून दाखवली. मध्ये दोनदा खोकल्यानं थांबावं लागलं. तेव्हा सुकन्यानं विचारलं, मॅडम, तुमाला बरं न्हाय का. त्या म्हणाल्या, पॉझिटिव्ह आहे मी, नऊ दिवस झाले, वरच्या खोलीत एकटी आहे. म्हणून तर फोन लगेच उचलते. आणि पुन्हा वाचायला लागल्या.

त्या निरोपानं सगळं जाग्यावर आलं असं नाही. भावजय पुढं दिवाळीपर्यंत बोलली नाही. सुपरवायझरनं काम पुन्हा सुरू झाल्यावर तिला महिनाभर बोलावलं नाही, कारणही सांगितलं नाही. दादासाहेबांना आपण काय करून बसलो ते कळलं तेव्हा ते येऊन ओट्यावर बसले, चहा घेतला नाही, आणि उठताना म्हणाले, चुकलं माझं. पॅकिंगमधल्या दोघींनी मात्र त्याच रात्री निरोप धाडला, त्या वकीलबाईंचा नंबर दे. फोन आठ-दहा दिवस येत राहिले, मग कमी झाले, मग थांबले. ॲप मोबाईलवर दिसेनासं झालं. पकडलं कुणाला गेलं नाही. पोलिसांकडून एकदा विचारणा झाली, त्यानंतर काही नाही.

जोतीराम एकोणीस दिवसांनी घरी आला. चार पावलं चालला की बसायचा. सुकन्यानं त्याला तिसऱ्या दिवशी सांगितलं, सगळं, अकरा वाजताच्या फोनसकट. तो ऐकत होता. मग त्यानं विचारलं, “मी मेलो म्हटल्यावर तू काय केलंस?”

“भाकरी केली,” ती म्हणाली.

जूनमध्ये अनिताताईंचा फोन आला. लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका बाईवर हीच पाळी आली होती. तिच्या भावानं अनिताताईंना तिचा नंबर दिला होता, पण ती बाई वकिलाशी बोलायला तयार नव्हती. अनिताताईंनी विचारलं, तुम्ही बोलाल का तिच्याशी.

सुकन्याला नको होतं. त्या गोष्टीजवळ परत जायचीच तिला भीती वाटत होती. तरी तिनं नंबर लिहून घेतला आणि संध्याकाळी लावला. एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. आणि तिला एकदम कळलं की पलीकडं त्या बाईच्या हातात या घडीला एक अनोळखी नंबर थरथरत असणार. तिनं घाईनं फोन कापला.

मग ती चपला घालून बाहेर पडली आणि गावातून त्या बाईला तोंडी निरोप धाडायला लोणी देवकरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला कोण कोण जातं, ते विचारत निघाली.